वाचकांचे प्रश्न : गावे शहरात आली, पाणी कुठून यावे?

गेल्या अंकात पुणे परिसराच्या वाढीविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांत वाहतुकीच्या तक्रारी अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या आणि पाण्याच्या फार जास्त, म्हणून हे सदर या वेळी पाण्यापुरतेच ठेवले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकाच्या नावाऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : आमचे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले. मिळकतकराचे बिल वेळेवर येते. पाणी मात्र आजही टँकरने घ्यावे लागते. जिथे पाणीच नाही तिथे इतक्या मोठ्या इमारतींना परवानगी मिळते तरी कशी? (नऱ्हे)

उत्तर : बहुतेक वेळा ती नियमाला धरूनच मिळालेली असते, आणि खरे दुखणे तिथेच आहे. पुण्याभोवतीच्या गावांत मोठी बांधकामे सुरू झाली तेव्हा तिथला पाणीपुरवठा सार्वजनिक विहीर आणि लहानशी टाकी यांवर, गावठाणातल्या वस्तीच्या बेताने चालत होता. नकाशा मंजूर करणारे कार्यालय एक, पाणी देणारी यंत्रणा दुसरी आणि सांडपाण्याला वाली कोणीच नाही, अशा स्थितीत विकसकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धत रूढ झाली. सार्वजनिक पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय आपण करू, असे विकसक त्यात लिहून देतो. कागदापुरती पाण्याची तरतूद होते. सोसायटी स्थापन झाली, विकसक पुढच्या प्रकल्पाकडे वळला, की त्या हमीचा भार निमूटपणे देखभाल खर्चात येऊन बसतो, आणि टँकरचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न सभेतल्या भांडणापुरता उरतो.

हद्दवाढीने ही दरी बुजण्याऐवजी अधिक ठळक झाली. १९९७ मध्ये गावांचा मोठा गट शहरात आला; त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. क्षेत्रफळाने पुणे महापालिका तेव्हा मुंबईलाही मागे टाकून पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. (यांपैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे २०२४ मध्ये पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्यात आली, यावरून या आखणीत किती विचार झाला होता याचा अंदाज वाचकांनी करावा.) हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनीला मात्र सर्वेक्षण लागते, टाकीसाठी जागा लागते, निविदा लागते आणि मुख्य म्हणजे धरणात तेवढे पाणी मंजूर असावे लागते. शहरातली समान पाणीपुरवठा योजना आखली गेली तीही जुन्या हद्दीचा विचार करून. त्यामुळे कर आकारणारी यंत्रणा पहिल्या वर्षी आपल्या दारी पोहोचते आणि नळ पुढच्या दशकाची वाट पाहतो.

याचा परिणाम केवळ खर्चाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचा उद्रेक झाला. राज्यात दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले बहुसंख्य पुणे परिसरातले होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. विहीर जुनी, तिच्याभोवती नव्या इमारती, सांडपाण्याच्या वाहिन्या अपुऱ्या आणि निर्जंतुकीकरण बेभरवशाचे, अशी रचना असेल तर असा उद्रेक पुन्हा होणार नाही याची खात्री कोणी द्यावी?

आपल्या सोसायटीने दोन गोष्टी लगेच कराव्यात. विकसकाने दिलेल्या हमीपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी; तिच्यातले नेमके शब्द हाती आल्याशिवाय महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) किंवा न्यायालय यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. दुसरे म्हणजे टँकरचे पाणी टाकीत उतरवण्यापूर्वी त्यातील शिल्लक क्लोरिन तपासण्याची सवय लावावी. साधी चाचणीपेटी बाजारात मिळते, आणि लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन आढळले पाहिजे. तेवढे नसेल तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि टँकरवाल्याला भरण्याचे ठिकाण लेखी विचारावे.

प्रश्न : आमच्या १०० सदनिकांच्या सोसायटीची बोअर आटली आहे. आणखी खोल, आठशे फुटांपर्यंत जावे असे एक गट म्हणतो. पर्जन्यजल संधारण करावे असे दुसरा म्हणतो. बरोबर कोण? (पिसोळी)

उत्तर : पहिला गट बहुधा चूक आहे आणि दुसरा पूर्ण बरोबर नाही.

पुणे बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसले आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. त्यात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाच्या भागात आणि थरांमधल्या भेगा-सांध्यांत. जसजसे खोल जावे तसतशा या भेगा सहसा विरळ होतात. गंगेच्या मैदानात जितके खोल तितके पाणी ही समजूत चालते. आपल्याकडे आठशे फुटांवर अनेकदा कोरडा दगड आणि धूळ हाती येते. नशिबाने एखादी भेग लागलीच तर ते पाणी वर्षानुवर्षे मुरत आलेले असते, आणि शेजारच्या चार सोसायट्यांच्या बोअरही त्याच भेगेतून उपसा करत असतात. महिना-दीड महिना पंप जोरात चालतो, मग कुरकुरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. खर्च करण्यापूर्वी तिथल्या भूवैज्ञानिकांचे मत घ्यावे, पाणाड्याचे नव्हे.

आता पर्जन्यजलाचा हिशेब मांडू. आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर गच्चीवर ७ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ५ लाख ६० हजार लिटर उरतात. सोसायटीत ४०० माणसे आणि माणशी १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण धरले तर रोजची गरज ५४ हजार लिटर होते. वर्षभराचा पाऊस साठवून सोसायटीला सुमारे दहा दिवस पुरतो. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना संधारण बंधनकारक आहे, ते करावेच, पण त्याचा खरा उपयोग बोअरभोवतीची जमीन ओली ठेवण्यापुरता आहे. टँकर बंद होतील या आशेने वर्गणी गोळा केली तर दुसऱ्या वर्षी समिती बदलेल.

मोठी बचत दुसरीकडेच आहे, आणि ती कोणाला आवडत नाही. त्या १३५ लिटरांपैकी सुमारे ४५ लिटर शौचालयात ओतले जातात. आपल्या इमारतीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि शौचालयासाठी वेगळी नळजोडणी असेल, आणि अलीकडच्या मोठ्या इमारतींत ती बहुधा असते, तर ते केंद्र नीट चालवल्याने रोज १८ हजार लिटर ताजे पाणी वाचते. वर्षाचे ६५ लाख लिटरांहून अधिक झाले. पावसाच्या अकरापट! प्रत्यक्षात काय होते? वीजबिल जास्त येते म्हणून केंद्राचा पंप बंद ठेवतात, प्रक्रिया न झालेले पाणी रात्री नाल्यात सोडतात आणि टँकरच्या पाण्याने शौचालये धुतात. विजेचे बिल आणि रोज वाचणाऱ्या दोन टँकरची किंमत यांचा एका महिन्याचा हिशेब सूचनाफलकावर लावून पाहावा. वाद मिटण्याची शक्यता आहे.

प्रश्न : आंबिल ओढ्याच्या पुराला काही वर्षे उलटली. भिंती बांधल्या, काही पूल मोठे केले. आता धोका टळला असे समजावे का? की पाऊसच बदलला आहे? (सहकारनगर)

उत्तर : धोका कमी झाला असेल, टळलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, दांडेकर पुलापर्यंत ओढा घरांत शिरला आणि माणसे दगावली, ती कोणत्याही धरणाच्या विसर्गाने नव्हे. काही तासांत टेकड्यांवर पडलेला पाऊस उतरायला वाटच शिल्लक नव्हती.

हा ओढा पुण्याच्या इतिहासात नवा नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने शहरात पाणी आणले गेले, गावठाणातून वाहणाऱ्या या ओढ्याला वळण देण्यात आले आणि पर्वतीच्या पायथ्याशी पाणी अडवून तळे झाले, जिथे आज सारसबाग आहे. म्हणजे त्या काळच्या राज्यकर्त्यांनीही ओढ्याशी छेडछाड केली होती. फरक एवढाच की त्यांनी पाण्याला दुसरी वाट दिली होती, तळ्याची जागा दिली होती. आपण वाट अरुंद करत गेलो आणि जागा विकत गेलो.

पाऊस बदलला आहे का, याचे उत्तर होय असे द्यायला सोपे आहे, आणि थोड्या वेळात फार जोराच्या सरी येण्याचे प्रमाण वाढत चालल्याची चिन्हे आहेतही. तरी सगळा दोष आभाळाला देणे मला पटत नाही. एक हेक्टर जमिनीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ५ लाख लिटर पाणी होते. जमीन गवताची, मुरमाची असेल तर त्यातले बरेचसे मुरते, उरलेले रेंगाळत खाली येते. तीच जागा काँक्रीटखाली गेली की जवळजवळ सगळे पाणी आणि तेही एकदम ओढ्यात येते. कात्रज, आंबेगाव, जांभुळवाडीच्या उतारांवर गेल्या पंचवीस वर्षांत काय काय उभे राहिले ते आपण पाहिलेच आहे. खाली सहकारनगरात भिंत कितीही उंच बांधली तरी वरून येणारे पाणी दरवर्षी थोडे थोडे वाढत असेल तर भिंतीचा हिशेब पाच-दहा वर्षांत जुना होतो.

नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी दाखवते आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पूररेषा आखल्याने पूर थांबत नाही, हे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीने २५ जुलै २०२४ ला अनुभवले. खडकवासल्यातून पहाटे सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितक्या घनफुटांच्या) पुढे गेला आणि तळमजले पाण्याखाली गेले. खडकवासला धरणाची स्वतःची साठवण दोन टीएमसीहूनही कमी आहे (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर); वरची धरणे भरत आली की ते पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. ओढ्यांचे दुखणे याहून वेगळे आहे. तिथे पूर्वसूचना देणारे धरणही नसते, इशारा आणि पाणी एकाच वेळी दारात येतात. आपल्या भागातल्या ओढ्यावर कात्रजच्या वरच्या बाजूला पर्जन्यमापक आणि पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा बसली आहे का, ती पावसाळ्यात चालू असते का, हे प्रभाग कार्यालयात विचारावे. भिंतीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

प्रश्न : आमच्या वाट्याचे कालव्याचे पाणी पुणे शहर पिते आणि बदल्यात आम्हाला सांडपाणी देते. याला न्याय म्हणायचे का? (दौंड)

उत्तर : आपली तक्रार बरीचशी खरी आहे, पूर्ण नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण २९.१५ टीएमसी आहे. खडकवासला एकोणिसाव्या शतकातले आहे. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटून शहर बुडाले आणि नंतर ते पुन्हा बांधले गेले. या साखळीतून उजव्या मुठा कालव्याने हवेली, दौंड, इंदापूर भिजावे ही मूळ कल्पना होती. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम हे राज्याच्या जलनीतीतले तत्त्व आहे आणि त्याला कोणी हरकत घेऊ नये. हरकत शहर किती पाणी पिते याला घ्यावी.

लोकसंख्या ५० लाख आणि माणशी १३५ लिटर धरले तर वर्षाला पावणेनऊ टीएमसीच्या आसपास पाणी पुरायला हवे. प्रत्यक्ष उचल त्याच्या दुपटीच्या घरात जाते. यातले काही पाणी कारखाने, रुग्णालये, रोज येणारी-जाणारी माणसे यांच्या वाट्याला जाते, हे मान्य. पण मोठा भाग जुन्या वाहिन्यांतून झिरपतो किंवा मोजलाच जात नाही. पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात कोट्यावरून दरवर्षी जो पत्रव्यवहार रंगतो, त्यात या गळतीचा हिशेब सर्वांत शेवटी येतो. पुण्यातल्या एखाद्या पेठेत नळाला दिवसभर पाणी असते आणि वाघोलीत बादलीभर नसते, तेव्हा भांडण शहर विरुद्ध गाव एवढेच राहत नाही.

सांडपाण्याचे म्हणाल तर वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते. ते शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, बेबी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कालव्यात सोडावे आणि त्या बदल्यात धरणातले ताजे पाणी शहराने घ्यावे, असा करार आहे. ठरलेला आकडा साडेसहा टीएमसीचा. कल्पना वाईट नाही. नाशिकपासून सोलापूरपर्यंत वाढणाऱ्या प्रत्येक शहराला आज ना उद्या हेच करावे लागेल. परंतु पाणी किती सोडले एवढेच मोजले जाते आणि कसे सोडले हे नाही, तोवर शेतकऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करणे उद्धटपणाचे आहे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या मदतीने अकरा प्रक्रिया केंद्रांचा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला, त्याची एकूण क्षमता रोज ३९.६ कोटी लिटरांची. काम अनेक वर्षे रखडले. त्या काळात नदीचा काळा प्रवाह भीमेतून उजनीत जात राहिला, आणि सोलापूरकरांना पुण्याची वाढ जलपर्णीच्या रूपात पाहायला मिळाली. आपल्या पाणीवापर संस्थेने बेबी कालव्यातल्या पाण्याची महिन्याला तपासणी आणि तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीत लावण्याची मागणी करावी. पाण्याचे पाळीपत्रक (कोणाला केव्हा पाणी याचे वेळापत्रक) मागण्याचा अधिकार आहे, तसा त्याचा दर्जा विचारण्याचाही असला पाहिजे.

एक बोचरी गोष्टही लिहितो, राग मानू नये. आठमाही पाण्याच्या हिशेबावर बांधलेल्या कालव्यावर बारमाही ऊस उभा असेल, तर शहराकडे बोट दाखवताना आपलाही हात जड होतो.

प्रश्न : टेकड्या वाचवा म्हणणारे लोक विकासाच्या आड येतात, असे वडील म्हणतात. टेकडीचा आणि पाण्याचा खरेच संबंध आहे का? (कोथरूड, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आहे. टेकडीवर पडलेले पाणी भेगांतून उतरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपाने निघते. बावधनमध्ये असा झरा आजही आहे. वडिलांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे आणि त्यातली बरीच जमीन खासगी मालकीची आहे. मालकाला योग्य मोबदला वर्षानुवर्षे मिळत नाही, आणि मग उतारावर पत्र्याचे कुंपण, त्यामागे शेड, त्यामागे घर असे अतिक्रमण चालू राहते. आरक्षणाची रेघ नकाशावर ओढून पैसे न देणे हे टेकडी वाचवणे नव्हे.

प्रश्न : २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आले, ते मी रांगेत उभे राहून भरले आहे. मुलगा हिंजवडीत नोकरीला असून म्हाळुंगे किंवा वाघोलीत घर घेण्याच्या विचारात आहे. जाहिरातीत सगळेच चोवीस तास पाणी म्हणतात. त्याने काय पाहावे? (लातूर)

उत्तर : आपण रांगेत उभे राहिला आहात, तेव्हा मुलापेक्षा आपणच घर पाहायला जावे हे बरे. घर दिवाळीत दाखवतात. ओढे वाहत असतात, बोअर भरलेल्या असतात. शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यात जावे आणि नमुना सदनिकेऐवजी त्याच रस्त्यावरच्या चार-पाच वर्षे जुन्या सोसायटीच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहावे. टँकर किती येतात ते पहारेकरी सांगतो.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजूर कागदपत्रे असतात. त्यांत पाण्याचा स्रोत कोणता लिहिला आहे, महापालिकेची जोडणी मंजूर आहे की प्रस्तावित, हे शब्दशः वाचावे. प्रस्तावित या शब्दावर कर्ज काढू नये. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि गटाची मोजणी पाहावी, कारण जुन्या नकाशात ओढ्याची रेघ असते आणि नव्या इमारतीच्या वाहनतळाखाली तीच बुजवलेली असू शकते. तळमजल्याचे किंवा पहिल्या मजल्याचे घर स्वस्त मिळत असेल तर हे आधी तपासावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवा म्हणून आग्रह धरावा. ते चालू आहे का हे वासावरून अर्धे कळते आणि उरलेले त्याच्या स्वतंत्र वीजमीटरच्या मागच्या सहा महिन्यांच्या बिलांवरून. शेजारच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या अहवालात टँकरवरचा वर्षाचा खर्च छापलेला असतो. एखाद्या सभासदाकडून तो मागून घ्यावा, सदनिकांच्या संख्येने भागावा आणि घराच्या हप्त्यात मिळवूनच मग मुलाचा पगार पुरतो का ते पाहावे.